काचेला सगळं दिसतं

“एवढा पदर बाजूले करून दे,” केशोराव म्हणाले. चहात साखर कमी पडल्याचं सांगावं इतक्या सहज म्हणाले, त्यामुळे टिकारामला आधी काही कळलंच नाही. गोंदियाच्या बाजारात, टिकारामच्या फोटोच्या दुकानातली सकाळ होती. समोरच्या राइस मिलचा भोंगा नुकताच वाजून गेला होता, धानाचा कोंडा हवेत तरंगत होता, आणि टेबलावर केशोरावांनी फडक्यातून काढून ठेवलेला फोटो होता. फोटो टिकारामनंच काढलेला; ज्या काचेवरून तो कागदावर छापला ती काचही त्याच्याच दुकानात होती. केशोरावांचं अंगण, मधोमध खुर्चीत बंदूक घेतलेले केशोराव, बाजूला त्यांचा मुलगा नंदलाल, मागं दिवाणजी आणि दोन भाऊबंद, पायाशी कुत्रा. अगदी डाव्या टोकाला, खुर्च्या संपल्यामुळे तिवईवर, सून बसली होती. शामकला. म्हणजे ती शामकलाच असणार, कारण कपाळापासून छातीपर्यंत पदर होता आणि पदराखाली मांडीवर ठेवलेले दोन हात. सासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडं ठेवायचं नाही, आणि फोटोत तर सासरा जन्मभर समोर राहणार, म्हणून त्या दिवशी पदर रोजच्यापेक्षा वीतभर जास्तच ओढून घ्यायला लावला होता. आता शामकला वारली होती. तेरवी आटोपली होती. आणि घरात तिचं तोंड कुठंच नव्हतं.

“मालक, पदर कसा निघंल?”

“कसा म्हणजे? काच तुझ्यापाशी हाय ना?”

“काच हाय.”

“त्या दिवशी पदरामागं ती होतीच ना?”

“होती.”

“मंग? काचेले सारं दिसते, असं तूच सांगतलंस ना बाप्पा, दुकान उघडलंस तवा. आन् माझा मस नाई काढलास? जन्मापासूनचा मस निघते, आन् घडीभराचा पदर निघत नाई?”

टिकारामला राग आला. तो इतका अचानक आणि इतक्या सगळ्या बाजूंनी आला की त्यानं कुठून बाहेर पडावं हे त्यालाच ठरवता येईना. सगळ्यात आधी तो कारागिराचा राग होता, म्हणजे रागांमधला सगळ्यात स्वस्त. या माणसाला उजेड म्हणजे काय ते ठाऊक नाही, पत्र्याच्या पेटीत खणाचं कापड ठेवावं तसं काचेत सगळं घडी करून ठेवलेलं असतं असं याला वाटतं, आणि हा मला शहाणपण शिकवतो. पण रागाला पाय फुटण्याआधीच त्याच्या लक्षात आलं की केशोरावांच्या बोलण्यात चूक काढायला जागा फारशी नाही. नाकाच्या शेंड्याजवळचा वाटाण्याएवढा मस त्यानंच काढला होता. काच खिडकीला टेकवून, बारीक टोकाच्या शिसपेन्सिलीनं ठिपक्यावर ठिपका देत, एक अख्खी दुपार घालवून. गालही उजळ केले होते. केशोरावांना तो फोटो इतका पसंत पडला की ते आरशापेक्षा त्याच्यावरच जास्त विश्वास ठेवू लागले.

एक दिवस हे असं वळण घेईल, असं त्याला माल-गोदामात असताना कुणी सांगितलं असतं तर त्यानं कॅमेऱ्याला हातही लावला नसता. पण तेव्हा तो स्टेशनात गोण्यांवर नंबर घालायचा, आणि बदली होऊन चाललेल्या एका गार्डसाहेबानं सामानात मावत नाही म्हणून लाकडी कॅमेरा आणि एक फाटकं इंग्रजी पुस्तक त्याच्या गळ्यात घातलं. पुस्तक त्यानं डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं. त्यात लिहिलं होतं, पाणी थंड हवं. वैशाखात गोंदियात थंड पाणी! पहिल्या काचांचा मसाला तापून सुटला आणि डिशमध्ये सायीसारखा तरंगला. गोठ्याला गोणपाटं लावून त्यानं अंधार केला तर म्हशीनं गोणपाट खाल्लं. एका सुट्टीत दरेकशाला जाऊन डोंगराचा फोटो काढला, तो छापल्यावर अख्खं जंगल कुणाच्या तरी मिशीसारखं आलं. तरी नाद सुटला नाही. उन्हात चौकटीखाली कागद हळूहळू तांबूस होताना बघायचं, आणि त्या तांबूसपणातून आधी धोतराची पांढरी कड, मग हात, मग एखादा डोळा वर यायचा. त्याला वाटायचं, हे खोटं बोलतच नाही. जगात एक तरी गोष्ट अशी आहे की जिच्यासमोर जे असतं तेच ती दाखवते. या एका वाक्याच्या भरवशावर त्यानं नोकरी सोडली. सासरे म्हणाले, “लोकाईची थोबाडं काढून पोट भरंल का गा?” तेव्हाही असाच राग आला होता. त्यानं पत्र्याची शेड घेतली, उजेड मऊ व्हावा म्हणून वर मांजरपाट ताणलं, नाटकाचे पडदे रंगवणाऱ्याकडून मागचा पडदा करून घेतला. नवेगावचा तलाव काढ म्हणून सांगितलं होतं. त्यानं तलाव काढला, पण काठावर संगमरवरी पायऱ्या घातल्या, पाण्यात राजहंस सोडला आणि वर चंद्र टांगला. गिऱ्हाईक मात्र त्या हंसासाठीच यायला लागलं.

आणि मग खरं शिक्षण सुरू झालं. काच, मसाला, उजेड, हे सगळं सोपं होतं. अवघड होती ती माणसं. कुणालाही स्वतःचं तोंड नको होतं. सावलीकडचा गाल काळा आला म्हणून एका सावकारानं फोटो परत पाठवला, निरोप असा की मी दोन्ही गालांनी येऊन बसलो होतो. दुसऱ्याला देवीचे व्रण नको होते. तिसऱ्याला फोटोतला बाप होता त्याहून उंच हवा होता. टिकाराम पेन्सिल टोकदार करत गेला. हात बसत गेला तशी दुकानाची पाटी मोठी होत गेली, आणि उद्घाटनाच्या दिवशी, पेढ्यांच्या ताटाशेजारी उभा राहून, तोंडात पेढा असतानाच तो ते वाक्य बोलून गेला होता: काचेला सगळं दिसतं. लोक मान डोलावत होते. लोकांना वाटलं, हा वायदा आहे.

“तोंड पायजे कायले, ते त सांगा,” तो आता म्हणाला. दुःख असेल तर राग गिळता येईल, अशी त्याला आशा होती.

दुःख होतं का, हे केशोरावांनाही नीट सांगता आलं नसतं. त्यांनी कारण सांगितलं ते असं. नंदलालचं दुसरं लग्न करायचं आहे. दुसरेपणावर येणारीनं पहिलीची ओळख ठेवायची, तिला आधी हात जोडायचे, नाहीतर पहिली सुखानं राहू देत नाही. यासाठी पूर्वीपासून चांदीच्या पत्र्यावर बाईचं तोंड ठोकून टाक करतात आणि तो नवी बायको गळ्यात घालते. पण टाक काय, कुणीही करतं. पलीकडच्या गावच्या मालगुजारानं, म्हणजे केशोरावांसारख्याच जमीनदारानं, मेलेल्या सुनेचा मोठा फोटो काढून देव्हाऱ्याशेजारी लावला, चारी बाजूंनी आरसे बसवून. लोक बघायला जातात. आपल्या घरी चांदीचा तुकडा लटकवला तर काय दिसेल?

“नवी कोन्च्या गावची?” टिकारामनं विचारलं.

“गावची कायची? घरचीच. शामकलेची लहान बहीण. रुख्मा.” आणि इथं केशोरावांचा चेहरा एकदम उजळला, पेन्सिलीशिवाय. “अरे, मंग कायची अडचन? तुले जर पदर काढता येतच नसंल, त रुख्माचं तोंड घे ना! सख्खी बहीण हाय. नाक तेच, कपाय तेच. तिचं तोंड काढ आन् या धडावर बसव. मी आनतो तिले परवा.”

ते गेले. जाताना दारातून म्हणाले, अवंदाच्या लगनसराईत तीन घरी तुझं नाव सांगून ठेवलं आहे. ते धमकीसारखं बोलले नाहीत. त्यांना त्याची गरज पडत नसे. टिकाराम टेबलाशी बसून राहिला आणि सावकाश, एकेक पायरी उतरावी तसा, प्रकरणाच्या तळाशी गेला. म्हणजे रुख्मा लग्न करून त्या घरात जाईल. रोज सकाळी आंघोळ करून देव्हाऱ्याशेजारच्या फोटोला हळदीकुंकू वाहील. फोटोत तिचंच तोंड असेल. स्वतःच्याच तोंडाला हात जोडून ती म्हणेल, बाई, मला सुखानं राहू दे. आणि मागून सासू नसलेल्या त्या घरात सासराच देखरेख करील, वाकली की नाही, नीट वाकली का. शिवाय रुख्मानं स्वतः त्या घरात कायम पदर ओढून राहायचं. म्हणजे तिचं तोंड घरात फक्त मेलेलीचं म्हणून दिसणार. त्याला वाटलं उठावं, बाजारात जावं, धान्याच्या काट्यांवर बसलेल्या सगळ्यांना हे ओरडून सांगावं. पण तो उठला नाही, कारण ते काय म्हणतील हे त्याला आधीच ऐकू येत होतं. ते म्हणतील, मग? बराबर तर आहे, सख्खी बहीण आहे. रागाची हीच तर पंचाईत असते, आजूबाजूला कुणालाच आला नाही की तो पोटदुखीसारखा वाटायला लागतो. जेवताना त्यानं बायकोला सांगितलं. बायको म्हणाली, तिन्ही लग्नं करून घ्या आधी.

परवा ते आले. केशोराव पुढं, मागं रुख्मा, आणि रुख्माच्या मागं तिची आई अनुसयाबाई, जिला कुणी बोलावलं नव्हतं. मुर्रीहून चालत आली होती, पायांना धूळ होती. रुख्मा सतराएक वर्षांची, नाकात खडा, डोळे रोखून बघणारे. शेडमध्ये शिरताच तिनं राजहंसाकडे बघितलं आणि म्हणाली, “हा बगळा असा मान मोडून काऊन बसला?” टिकारामला कित्येक दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

मग अडचण उभी राहिली. रुख्मा होणारी सून, म्हणजे तिनं केशोरावांसमोर पदर घ्यायला हवा. पण ती आज मेलेलीच्या जागी बसणार, म्हणजे तोंड उघडं हवं. केशोरावांनी क्षणभर विचार केला आणि तोडगा काढला. शेडमधून बाहेर जायला ते तयार नव्हते, कारण काम डोळ्यांखाली झालं पाहिजे. म्हणून ते पडद्याकडे तोंड करून, रुख्माकडे पाठ करून, राजहंसाच्या अगदी नाकासमोर उभे राहिले आणि तिथून हुकूम सोडू लागले. “मान खाली कर म्हना तिले. शामकला मान खाली ठेवे.”

“मालक, तुमी फोटोत येऊन राहिले. थोडं सरका.”

“किती सरकू?”

“चंद्राकडे.”

केशोराव चंद्राकडे सरकले. रुख्मा खुर्चीत बसली होती. तिनं पदर मागं टाकला आणि मान खाली केली नाही.

“मामाजी,” ती म्हणाली, पाठीला उद्देशून, “या फोटूत मी शामकलाबाई झाली, त मंग मी कोन्त्या फोटूत राहू?”

“तुले कायले पायजे फोटू? तू त जिती हायेस.”

अनुसयाबाई इतका वेळ टेबलाशी उभी होती. तिच्या हातात जुना फोटो होता, अंगणातला, आणि ती तो डोळ्यांपासून दूर धरून, जवळ आणून, पुन्हा दूर धरून बघत होती. बंदूक, कुत्रा, दिवाणजी यांच्यावरून तिची नजर घसरत डाव्या टोकाला जात होती.

“भाऊ,” ती म्हणाली, “हे सारे कसे चक चक दिसून राहिले. कुत्र्याचे केस मोजून घ्यावं. मंग माझी पोरगीच अशी काऊन पुसटली? पाटीवरचं पुसावं तशी?”

“हलली,” केशोराव हंसाला म्हणाले. “दहादा सांगतलं हलू नको. तरी हलली. फोटूचा तेवढा कोपरा नासवलन.”

टिकाराम काळ्या कापडाखाली होता. तिथून बाहेर यायची त्याला इच्छा झाली नाही. कॅमेऱ्याच्या मागच्या घासलेल्या काचेवर रुख्मा उलटी बसली होती, पाय वर, डोकं खाली, आणि त्या उलटेपणात तिचा चेहरा तिचा राहिला नव्हता. असाच एक चेहरा त्यानं पूर्वी बघितला होता. अंगणातल्या त्या दिवशी सगळे बसल्यावर केशोरावांना बंदुकीची आठवण झाली आणि ते आत गेले. नंदलाल त्यांच्या मागं गेला. टिकाराम कापडाखाली डाव्या टोकाची कड साधत होता, तेवढ्यात तिवईवरच्या बाईनं पदर वर केला. मिनिटभरही नसेल. वारा घेण्यासाठी केला. तिला वाटलं असेल, मागच्यांना पाठच दिसते, पुढून कोणी बघत नाही, एक लाकडी पेटी आहे. कपाळावर केस चिकटलेले, ओठ पांढरे पडलेले, डोळे आत गेलेले आणि त्यांच्यात ती काचेसारखी चमक. हिवतापाची चमक त्या भागात कुणाला ओळखावी लागत नाही. दात वाजत होते. रखरखत्या उन्हात तिला थंडी वाजत होती. मग खडावांचा आवाज आला आणि पदर खाली आला. त्यानं बाहेर येऊन म्हटलं होतं, मालक, बाईंना बरं नसेल तर पुढल्या आठवड्यात घेऊ. केशोराव म्हणाले होते, भाऊबंद जमले आहेत, आजच घे, आणि तिला काय धाड भरली आहे?

तो आता पुन्हा कापडातून बाहेर आला.

“ती हलली नाई,” तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच नवा वाटला. “तिले हीव भरून आलं होतं, बाई. ती कापून राहिली होती. बाकीचे सारे चक आले, कारन त्याईले काई झालंच नोतं. तिले ताप होता आन् तिले उन्हात बसवलं. काचेनं तेच घेतलं.”

अनुसयाबाई फोटोकडे बघत होती. “मले निरोप आला, एकाएकी गेली म्हनून,” ती म्हणाली, कुणालाच नाही. “मी सावनात आननार होती तिले. धाडलं नाई. म्हने, एकदम ठनठनीत हाय.”

केशोराव वळले. रुख्माचं तोंड उघडं होतं आणि तरी ते वळले. रागानं त्यांचा चेहरा असा झाला होता की मस पुन्हा वाटाण्याएवढा दिसत होता.

“ताप होता हे तुले कसं समजलं?”

“मी पाह्यलं.”

“काय पाह्यलंस?”

“तिचं तोंड. तिनं पदर वर केला होता. काचेवर दिसली.”

“तू माझ्या सुनेचं तोंड पाह्यलंस?”

टिकारामला वाटलं, बहुतेक ऐकू नीट गेलं नसेल. म्हणून त्यानं परत सांगितलं, “मालक, तिले ताप होता.”

“तू माझ्या घरात घुसून, त्या बुरख्यात लपून, माझ्या सुनेचं तोंड पाह्यलंस?” केशोराव ओरडत होते. बाहेरच्या बैलगाड्या थांबल्या. “इज्जतदार घराची सून! आन् हा पेटीतून पाह्यते! आन् सांगते बी! मी साऱ्या मालगुजाराईले सांगतो. कोनाच्या लग्नात पाय ठेवतेस ते पाह्यतो मी!” राग खरा होता. आयुष्यात इतका खरा राग त्यांना क्वचितच आला असेल, आणि तो सगळा, शेवटच्या थेंबापर्यंत, पदराबद्दल होता. तापाला त्यातलं काही वाटणीला आलं नाही. टिकाराम थक्क होऊन बघत राहिला. त्याच्या स्वतःच्या रागाची त्याला लाज वाटू लागली, इतका तो अर्धाकच्चा होता. हा समोरचा कसा दणदणीत, कसा खात्रीचा.

“चल वो रुख्मा,” अनुसयाबाई म्हणाली.

“चल म्हंजे?” केशोराव म्हणाले. “फोटू व्हायचा हाय.”

“फोटू होनार नाई, इवाई. आन् पोरगीबी येनार नाई. एक देली. ती पुसली तुमी.”

“पाय धरत येसाल!”

“येऊ नाई.”

केशोराव गेले. जाताना राजहंसाला धक्का लागला आणि अख्खा तलाव हलला. शेडमध्ये तिघं उरली. तीन लग्नं गेली, हे टिकारामच्या आता कुठं लक्षात येत होतं. अनुसयाबाई जवळ आली. “ज्यास्त सुकली होती का?” तिनं विचारलं. तो म्हणाला, हो. “केस होते?” होते, तो म्हणाला, भरपूर होते, कपाळावर आलेले. तिनं मान हलवली, जणू एवढं तरी जागेवर सापडलं.

तेवढ्यात रुख्मानं टेबलावरची कात्री उचलली. फोटोच्या कडा कापायची लांब कात्री. तिनं आईच्या हातून फोटो घेतला आणि न विचारता, तिवई आणि नंदलालची खुर्ची यांच्यामधून वरपासून खालपर्यंत सरळ कापला. तिचा हात बिलकूल हलला नाही. पुसट पदराची ती पट्टी तिनं आईला दिली. “हे आमचं,” ती म्हणाली. बाकीचा फोटो तिनं टेबलावर ठेवला आणि दोघी मुर्रीच्या वाटेला लागल्या.

पुढच्या बाजारी केशोरावांचा गडी बिसराम आला. मालकांनी फोटू परत मागितला आहे, म्हणाला. टिकारामनं मनाशी काय काय बोलायचं ते तयार करून ठेवलं होतं, पण बिसरामला ते सांगण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्यानं कापलेला फोटो तसाच कागदात गुंडाळून दिला. आता गहजब होईल, काठी घेऊन माणसं येतील, निदान निरोप तरी येईल, अशी तो वाट बघत राहिला. काही आलं नाही. लग्नंही आली नाहीत. पुढं एकदा बिसराम मिलसमोर दिसला, तेव्हा न राहवून टिकारामनं विचारलं.

“टांगला ना, बैठकीत,” बिसराम म्हणाला. “नंदलालभाऊचं लगन जमलं, तिकडं आमगावकडे. सोनाराले टाक सांगतला. टाकाले काय, कोनतंबी तोंड चालते.”

“आन् फोटू? मालक काई म्हनले नाई?”

“म्हनले ना. येनाऱ्या-जानाऱ्याले दाखवून राहिले,” बिसराम म्हणाला. “म्हनते, टिकाराम मानूस हरामखोर, पन आता फोटू कसा साफ आला.”